शांतता समितीत हजर, ग्रामसभेत गैरहजर

सण जवळ आला की पोलीस ठाण्यातून निरोप येतो. शांतता समितीची बैठक आहे, मोहल्ल्यातली चार जबाबदार माणसं घेऊन या. आपली चार माणसं इस्त्रीचे कपडे घालून वेळेआधी जाऊन बसतात. सलोख्यावर भाषणं होतात, चहा होतो, फोटो निघतो. त्याच गावात ग्रामसभा भरते तेव्हा या चौघांतला एकही तिथं नसतो. पारनेर तालुक्यात आणि आसपास मी हे वर्षानुवर्षं पाहतोय. त्याबद्दल आता स्पष्ट बोललं पाहिजे.

शांतता समितीत आपल्याला 'मुस्लिम समाज' म्हणून बोलावलं जातं. तिथं आपल्याकडून एकच अपेक्षा असते, गडबड होऊ देऊ नका. पाण्याच्या टँकरबद्दल तिथं कुणी विचारत नाही. ग्रामसभेचं तसं नाही. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. 73व्या घटनादुरुस्तीनं, म्हणजे 1993 पासून, तिला घटनेचा आधार आहे. वर्षातून किमान चार सभा घेणं आपल्या राज्यात बंधनकारक आहे. घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव राहतं, कुणाचं गळतं, याची चर्चा तिथं होते. आपण तिथं नसतो आणि नंतर वर्षभर म्हणतो, 'आपल्याला डावललं.' डावललं जातंही, ते मी नाकारत नाही. पण ज्या सभेत ते घडलं तिथं आपली एक तरी हरकत नोंदली गेली होती का?

आपण ज्या मातीत राहतो तिचा इतिहास तरी आठवा. सेनापती बापट पारनेरचे. तुरुंगातून सुटून गावी आल्यावर या माणसानं हातात झाडू घेतला आणि गावाचे रस्ते झाडले. राळेगणसिद्धी याच तालुक्यातलं. अवर्षणानं आणि दारूनं खिळखिळं झालेलं ते गाव 1975 नंतर श्रमदानातून उभं राहिलं. महाराष्ट्राचा 2002चा माहिती अधिकार कायदा आला, त्यामागचं मोठं आंदोलन याच गावातून उभं राहिलं. देशाचा कायदा 2005 मध्ये, म्हणजे त्यानंतर आला. सामान्य रहिवाशानं गावाच्या कारभारात हात घालायचा, हा धडा पारनेरनं राज्याला दिला.

पण त्याच राळेगणमध्ये दारुड्यांना खांबाला बांधून मारलं जायचं. हे खुद्द अण्णा हजारेंनीच सांगितलं आहे. गाव एकत्र आलं म्हणजे ते न्यायीच वागेल, असं नसतं. एकजुटीला आतून प्रश्न विचारणारा कुणीतरी लागतो.

तो नसला तर काय होतं, हे आपल्याच जिल्ह्यानं दाखवलं. फेब्रुवारी 2025 मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढी गावच्या ग्रामसभेनं कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू न देण्याचा ठराव केला. हा ठराव घटनेत बसत नाही, असं गटविकास अधिकाऱ्यांना सांगावं लागलं. घटना आहे म्हणून ते सांगता आलं. पण मला त्यातून दुसरंही दिसलं. ज्या सभेला आपण 'राजकारण' म्हणून टाळतो, ती सभा आपल्या पोटापाण्याचा निर्णय करायला बसू शकते.

'आपली घरं पाच-दहा, आपलं कोण ऐकणार?' हा नेहमीचा प्रश्न. मान्य, मतांनी आपण जिंकणार नाही. पण एका माणसानं उभं राहून 'माझा विरोध नोंदवा' म्हटलं आणि ते इतिवृत्तात उतरवून घेतलं, तर उद्या दाद मागताना हातात कागद असतो. शिवाय ग्रामसभा फक्त भांडायची जागा नाही. गटार, रेशन, शाळेची गळकी खोली या प्रश्नांवर बाजूच्या आळीतला माळी, मराठा, दलित शेजारी तुमच्याच बाजूला उभा असतो. सलोखा अशा ओळखीतून तयार होतो. ठाण्यातल्या भाषणांतून तो कधी झाल्याचं मला आठवत नाही.

आणखी दोन दारं उघडी आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. आपली मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, मग समितीत आपण का नाही? दुसरं दार आपल्या बायकांसाठी. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. 'आमच्यात बायका जात नाहीत' असं सांगून ते बंद करणारे आपलेच बाप-भाऊ आहेत. रेशनच्या रांगेत, पाण्याच्या टँकरवर त्या चालतात, मग सभेत का नाही?

पारनेर शहरातल्या लोकांची अडचण वेगळी आहे. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आणि ग्रामसभाच गेली. पाच वर्षांतून एकदा मत द्या आणि घरी बसा, असा कारभार झाला. शहरवासीयांनी नगरसेवकाकडे वॉर्डाची सभा मागितली पाहिजे. ती मागणी हिंदू-मुस्लिम सगळ्यांनी एका अर्जावर सह्या करून करावी.

बहुसंख्य शेजाऱ्यांनाही एक सांगायचंय. सभा देवळाच्या मंडपात आणि शुक्रवारी दुपारी ठेवायची, मग 'तुम्ही येत नाही' म्हणायचं, हे बरोबर नाही. शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात घ्या, आम्हालाही बसायला जागा होईल.

आणि आपल्या जमातीच्या जबाबदार मंडळींना एवढीच विनंती. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखांच्या आसपास सहसा ग्रामसभा असते. जुम्याच्या नमाजनंतर चंद्याचं एलान करता, तसं तिचंही एलान करा. पुढच्या सभेला मोहल्ल्यातून दहा माणसं निघू द्या, त्यातल्या पाच बायका असू द्या, आणि एकाच्या हातात लेखी अर्ज असू द्या.