सदाफुली : बी अंधारात, रोप उन्हात



अँटॉप हिलची चाळ घ्या, झोपडपट्टी घ्या किंवा सरकारी वसाहत घ्या, एक झाड तिथे कोणी न लावताच उगवलेले दिसते. गटाराच्या कडेला, भिंतीच्या फटीत, पाण्याच्या टाकीखाली. पाच पाकळ्यांचे गुलाबी नाहीतर पांढरे फूल, तेही बारा महिने. आपण त्याला सदाफुली म्हणतो, शेजारची तमिळ कुटुंबे नित्यकल्याणी म्हणतात, उत्तरेकडची मंडळी सदाबहार. मूळचे हे झाड मादागास्कर बेटावरचे, पण आता ते आपल्याच वस्तीतले झाले आहे.

फटीत आपोआप येणारी ही सदाफुली आपण डब्यात पेरली की बऱ्याचदा उगवत नाही. कारण साधे आहे. तिच्या बियांना रुजताना काळोख लागतो. आपण बी मातीवर भुरभुरतो, त्यावर उजेड पडतो आणि ते तसेच पडून राहते. फटीत मात्र बी आत घसरते, वर धूळमाती बसते आणि त्याला हवा तो अंधार मिळतो.

बी विकत आणायची गरज नाही. फूल गळाले की त्या जागी दोन-दोन बारीक, उभ्या शेंगा धरतात. हिरवी शेंग पिवळट पडू लागली की लगेच खुडावी. उशीर झाला तर ती उकलते आणि मोहरीहून बारीक काळे बी सांडून जाते. शेंगा कागदाच्या पुडीत घालून दोन-तीन दिवस सावलीत वाळवाव्यात.

पेरणी भर पावसात करू नये. पाणी साचले की या झाडाची मुळे कुजतात. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात किंवा थंडी सरताना फेब्रुवारीत पेरावे. तेलाचा रिकामा डबा चालेल. बुडाला खिळ्याने चार-पाच भोके पाडा. निम्मी माती, बाकी वाळू आणि थोडे जुने शेणखत. माती ओली करून बी पेरा आणि वर ज्वारीच्या दाण्याच्या जाडीइतकाच मातीचा थर द्या. डब्यावर गोणपाट नाहीतर जाड पुठ्ठा झाका. माती ओलसर ठेवा, चिखल नको. पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज उघडून पाहा. साधारण आठ ते पंधरा दिवसांत कोंब दिसतात. कोंब दिसताच झाकण काढा आणि डबा उजेडात ठेवा. काळोख फक्त बियांसाठी. रोपाला भरपूर ऊन हवे. चार-सहा पाने आली की रोपे वेगळी करा, थोडी वाढली की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात. नळाला पाणी कमी आले तरी काळजी नको, माती वरून सुकल्यावरच पाणी घालायचे असते.

आता महत्त्वाचे. मधुमेहावर उपाय म्हणून सकाळी सदाफुलीची पाने चावायची किंवा काढा घ्यायचा, असे पुष्कळ घरांत चालते. असाच काढा जमैका बेटावर घेत असत. 1952 साली तिथली पाने कॅनडात पोहोचली आणि डॉ. रॉबर्ट नोबल यांनी ती उंदरांवर तपासली. तोंडावाटे देऊन साखर काही उतरली नाही. अर्क टोचल्यावर मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्यातूनच नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी 1958 मध्ये कर्करोगावरचे व्हिनब्लास्टिन जगापुढे आणले. पुढे याच झाडातून मिळालेले व्हिन्क्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर देशोदेशी वापरले जाते. 1941 साली सुरू झालेले परळचे टाटा रुग्णालय अँटॉप हिलहून फार दूर नाही. तिथे उपचार घेणाऱ्या मुलांनाही हे औषध दिले जाते.

पण हेही ध्यानात घ्या. थोड्याशा औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. ते शुद्ध करून, मिलिग्रॅमवर मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून देतात. घरच्या काढ्यात काय आणि किती उतरले हे कोणाला मोजता येणार? पान विषारी आहे. गरोदर बाईने तर त्याच्या वाटेला जाऊच नये. मधुमेहाची गोळी बंद करून पान चावणे म्हणजे दुखणे वाढवणे. खुडणी-छाटणीनंतर हात धुवा, आणि तोंडात काहीही घालणाऱ्या लेकराच्या हाती पाने-फुले लागू देऊ नका.

डबा खिडकीच्या जाळीत उंच ठेवा आणि फुले डोळे भरून पाहा. पुढच्या शेंगा पिकल्या की बियांची पुडी शेजारणीला द्या. देताना सांगा, बी झाकून ठेव आणि पान खाऊ नकोस.