शेजाऱ्याचं कीर्तन

1880 च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्रायल समाजात कीर्तन सुरू झालं. यहुदी धर्म पाळणारी ही मराठी माणसं अब्राहम, योसेफ, मोशे, दावीद यांच्या कथा ओवी, साकी, दिंडी अशा रचनांत लावून सांगू लागली. हिंदू हरिदासांची कीर्तनं त्यांनी ऐकली होती. धर्मग्रंथातल्या कथा बायकामुलांपर्यंत पोहोचवायच्या तर हाच मार्ग, असं त्यांच्यातल्या जाणत्यांना वाटलं. सिनॅगॉगमध्ये हिब्रू प्रार्थना होत होत्या, पण त्यांचा अर्थ उमगणारे थोडे. कीर्तनाला आलेल्या बाईमाणसाला मात्र योसेफाच्या भावांनी त्याला का विकलं, हे तिच्याच भाषेत कळलं.

हा समाज मूळचा कोकणातला, अलिबाग-पेणच्या पट्ट्यातला. तेलाचे घाणे चालवायचा आणि शनिवारी ते बंद ठेवायचा, म्हणून गावानं त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. शब्बाथ, सुंता, खाण्यातली पथ्यं त्यांनी पिढ्यान् पिढ्या जपली, पण ग्रंथ आणि ते वाचता येण्याची विद्या हातातून निसटली होती. ती परत कशी आली, हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे. विधी शिकवायला कोचीनचे यहुदी आले. हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं ते जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं, 1832 साली. या लोकांनी ख्रिस्ती व्हावं ही त्याची इच्छा उघड होती. फार थोडे झाले. बाकीच्यांनी त्याच्याकडून हिब्रू घेतली, पुढे हरिदासांकडून कीर्तन घेतलं आणि ते आधीपेक्षा जाणते यहुदी झाले.

दुसऱ्याकडून काही घेतलं की आपला धर्म पातळ होतो, ही भीती आज सगळ्याच धर्मांच्या घरांत शिरली आहे. एकमेकांच्या सणाला शुभेच्छा देण्यापलीकडे आपण सहसा जात नाही. शेजारी प्रार्थना कशी करतो, मुलांना धर्म कसा शिकवतो, मृत्यूनंतर कुटुंबाला कसा सावरतो, हे विचारायलाही आपण कचरतो. हे मला मनापासून खटकतं.

अर्थात प्रत्येक देवाणघेवाण इतकी निर्मळ नसते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला, तेव्हा साष्टीतली देवळं पोर्तुगीज सत्तेनं आधीच पाडलेली होती. तिथं त्यानं मराठी अशी आत्मसात केली की 1616 साली छापल्या गेलेल्या त्याच्या 'क्रिस्तपुराणा'त जवळपास अकरा हजार ओव्या आहेत. जुनी पुराणं बंद झाली, मग वाचायचं काय, हा नवख्रिस्ती लोकांचा प्रश्न खुद्द ग्रंथातच येतो. त्या ओवीची गोडी मी नाकारणार नाही. पण तो प्रश्न कुणामुळे उभा राहिला, हे बाजूला ठेवून तिचं कौतुक करणं मला जमत नाही. ज्यांचे ग्रंथ सत्तेनं हिरावले, त्यांच्याच छंदाकडे त्या सत्तेच्या धर्मगुरूला यावं लागलं.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची गोष्ट निराळी. 1895 साली ते स्वतःच्या निर्णयानं ख्रिस्ती झाले आणि ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगांतून, भजनांतून मांडली. तुकारामांचं ऋण त्यांनी कधी लपवलं नाही. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची पदं म्हटली जातात.

या वर्षीच्या अंकाचा मोठा भाग आम्ही याच विषयाला दिला आहे. लेखकांना एकच विनंती केली होती: आपल्या धर्मानं जगाला काय दिलं हे लिहू नका, शेजाऱ्याकडून काय घेतलं ते लिहा. काहींना हा प्रश्न अवघड गेला, तरी त्यांनी तो टाळला नाही. त्यांचे मनःपूर्वक आभार.

एक विनंती वाचकांनाही. 1948 नंतर बहुतेक बेने इस्रायल कुटुंबं इस्रायलला गेली, आणि जुन्या कीर्तनांची पदं म्हणता येणारी माणसं आता वयस्कर झाली आहेत. रायगडातल्या, मुंबईतल्या किंवा इस्रायलमधल्या कुणा वाचकाच्या घरी अशी पदं लिहिलेली वही असेल, कुणाच्या आजीला चाल आठवत असेल, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात ती पदं चालींसह छापायची आमची तयारी आहे.

सर्व वाचकांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा.

संपादक