वीस रुपयांची नोंद

विक्रम संवत १६९८ मध्ये, म्हणजे इसवी सन १६४१ मध्ये, आग्र्यात राहणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या एका श्रीमाळ जैन व्यापाऱ्याने आपल्या आयुष्याचा ताळेबंद मांडला. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे, ही तेव्हाची धारणा. त्यातील निम्मे सरले होते. म्हणून ग्रंथाला नाव दिले ‘अर्धकथानक’. व्यापाऱ्याचे नाव बनारसीदास. दोहा-चौपाईत रचलेली पावणेसातशे पद्ये, भाषा सामान्य माणसाला कळेल अशी मध्यदेशाची बोली, आणि नायक स्वतः कर्ताच. पंडित नाथूराम प्रेमी यांनी १९४३ मध्ये मुंबईहून या ग्रंथाची संपादित आवृत्ती काढली आणि तो अभ्यासकांपुढे आला. बनारसीदासांचे ‘समयसार नाटक’ आजही अनेक ठिकाणी स्वाध्यायात वाचले जाते. त्याच लेखणीतून उतरलेले हे आत्मकथन मात्र पुष्कळ घरांत केवळ नावाने माहीत असते. हे थोडे चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

ग्रंथाचा लौकिक त्याच्या प्रामाणिकपणासाठी आहे आणि तो सार्थ आहे. तारुण्यात शृंगारिक कविता रचली, मग पश्चात्ताप होऊन ती पोथी गोमतीत सोडून दिली, हे बनारसीदास सांगतात. कोणा संन्याशाने दिलेला मंत्र वर्षभर गुपचूप जपला, की रोज दाराशी एक सोन्याचा दीनार सापडेल, अशी आशा बाळगून फसलो, हेही सांगतात. अकबर बादशहाच्या मृत्यूची वार्ता जौनपुरात पोहोचली तेव्हा ते जिन्यावर बसले होते. ऐकताच तोल जाऊन कोसळले आणि कपाळ फुटले. शेवटी तर ते स्वतःच्या गुणदोषांची यादीच देतात. एकांतात आपण नाचतो, ही गोष्टसुद्धा त्या यादीतून सुटलेली नाही. आलोचनेची परंपरा ज्या समाजात रुजलेली आहे, त्यालाही इतकी मोकळीक क्वचितच पाहावयास मिळते.

व्यापारात त्यांना यश थोडे आणि खोट फार. वडील खरगसेन यांनी रत्ने, तूप, तेल, कापड असा माल देऊन त्यांना आग्र्याला धाडले. सारे काही महिन्यांतच हातचे गेले. इजारीच्या नाड्यात बांधलेली रत्ने कोठे गळली ते कळले नाही. कपड्यात गुंडाळून ठेवलेली पुडी उंदरांनी नेली. मग घरातील किडूकमिडूक विकून दिवस काढणे आले. बाजारात तोंड दाखविण्याची सोय राहिली नाही, तेव्हा ते घरातच बसू लागले आणि रात्री ‘मधुमालती’ व ‘मृगावती’ या कथा मोठ्याने वाचू लागले. दहा-वीस माणसे ऐकावयास जमत. त्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून रोज कचोऱ्या उधारीवर घ्यावयाच्या आणि त्यांवरच दिवस ढकलावयाचा, असा क्रम चालला. एके दिवशी बनारसीदासांनी त्याला बाजूला घेऊन खरे ते सांगितले, की माझ्याजवळ काही नाही, आता यापुढे उधार देऊ नकोस. त्यावर तो म्हणाला, वीस रुपयांपर्यंत खुशाल खा.

कर्ज देण्याघेण्याचा ज्याला थोडाफार अनुभव आहे, त्याने या प्रसंगापाशी थांबावे असा तो आहे. तारण नाही, जामीन नाही, ऋणकोने स्वतःच दिवाळे कबूल केलेले. आणि तरीही धनको नाही म्हणत नाही, उलट एक ठरावीक मर्यादा घालून देतो. त्या मर्यादेत त्याचे शहाणपणही आहे आणि माणुसकीही. पुढे पैसा हाती आल्यावर बनारसीदासांनी तो हिशेब चुकता केला. मूळ रक्कम फिटली, नोंद पुरी झाली.

मात्र याच ग्रंथात आणखी एक वीस रुपये आहेत, आणि ती नोंद पुरी झालेली दिसत नाही.

पुढे भागीदारीतही काही हाती न लागता बनारसीदास खैराबादला सासुरवाडीस गेले. रात्री पत्नीने व्यापाराची विचारपूस केली आणि परिस्थिती तिच्या ध्यानात आली. तिने साठवून ठेवलेले वीस रुपये काढून त्यांच्या हाती दिले आणि माणूस जिवंत असला की गेलेले पुन्हा मिळते, अशा अर्थाचा धीर दिला. एवढ्यावर ती थांबली नाही. तिने आपल्या आईला विश्वासात घेतले आणि आईने गुपचूप दोनशे रुपये आणून दिले. त्या भांडवलावर बनारसीदास पुन्हा आग्र्याच्या बाजारात उभे राहू शकले. हीच ती पत्नी, जिने पूर्वी याच गावी ते घोर त्वचारोगाने पडले असता त्यांची शुश्रूषा केली होती. इतर नातलग जवळ येत नव्हते, तेव्हा तिने आणि तिच्या आईनेच अंगाला औषध लावले होते. हे सगळे बनारसीदास स्वतःच लिहितात, काहीही झाकून ठेवीत नाहीत.

काही काळाने ती बाळंतपणात गेली आणि मूलही गेले. ही वार्ता आली त्याच निरोपात तिच्या धाकट्या बहिणीशी सोयरीक ठरविल्याचेही कळविलेले होते. आपली स्थिती लोहाराच्या सांडशीसारखी झाली, घटकेत आगीत आणि घटकेत पाण्यात, असे ते म्हणतात. उपमा अचूक आहे. परंतु ती सांगते ते सांडशीचे दुःख. जी गेली तिचे नाव ग्रंथात नाही. तिच्या वडिलांचे नाव कल्याणमल होते हे कळते, गाव कळते, तिने दिलेली रक्कमही कळते. भागीदार, मित्र, सावकार, अनेक जण नावानिशी भेटतात, आणि ज्या ऋणावर पुढचा सारा व्यवहार उभा राहिला, ते ज्या खात्यावर जमा करावयाचे, त्या खात्याला नाव नाही. त्या काळी घरातील स्त्रीचे नाव चारचौघांत न घेणे ही मर्यादा मानली जात असे, हे खरे. एवढ्याने लेखकावर दोष ठेवता येत नाही. परंतु स्वतःच्या फजितीचे कोणतेच प्रकरण न लपविणाऱ्या माणसाच्या वहीत ही जागा कोरी राहिली, हे एकदा लक्षात आले की नजर पुन्हा पुन्हा तेथेच जाते.

त्याहून अवघड जागा शेवटी येते. तीन विवाह, सात मुलगे, दोन मुली. नऊही अपत्ये गेली. पानगळ होऊन ठूठ उरलेल्या झाडासारखी पती-पत्नी दोघे मागे राहिली, असे ते दोन-चार ओळींत सांगतात. आणि लगेच पुढे म्हणतात, तत्त्वदृष्टीने पाहिले तर ज्याचा परिग्रह जितका घटतो, तितका तो उपशांत होतो. संसारी जनांना मात्र हे उमगत नाही. अध्यात्माचे मर्म जाणणाऱ्या कवीला शोभेल असेच हे वचन आहे, आणि श्रद्धावान वाचक येथे आदराने मान लववील. पण थोडेच मागे, अखेरचा मुलगा गेल्याचे सांगताना, त्याच लेखकाने कबूल केलेले असते की मोह महाबलवान आहे, तो जाणत्यालाही सोडीत नाही, आणि दोन वर्षे लोटली तरी आपला मोह उपशांत झालेला नाही.

मग त्या वचनाचा अर्थ काय घ्यावा? हाती आलेल्या सत्याचे ते कथन आहे, की हाती न येणाऱ्या शांतीला घातलेली साद आहे? मुले ही परिग्रहाच्या सदरात धरावयाची, हे तत्त्व म्हणून समजते. त्या ओळी लिहिताना हात थरथरला नसेल असे मात्र वाटत नाही. दोन्ही पद्ये त्यांनी तशीच राहू दिली. पहिले खोडून दुसरे तेवढे ठेवणे सोपे होते, आणि ग्रंथ अधिक उपदेशपर झाला असता.

त्या दोघांपैकी दुसरी व्यक्ती, म्हणजे तिसरी पत्नी, हे लेखन चालू असताना आग्र्याच्या त्याच घरात होती. तिचेही नाव नाही. परिग्रह घटल्याने शांती वाढते, हे तिला पटले होते की नाही, हे कोणी तिला विचारल्याचे दिसत नाही. एके काळी रात्री दहा-वीस परक्या माणसांना कथा वाचून दाखविणाऱ्या बनारसीदासांनी ही अर्धी कथा पुरी झाल्यावर घरातल्या त्या एका श्रोतीला वाचून दाखविली असेल काय? दाखविली असेल, तर त्या दोन ओळींपाशी त्यांचा आवाज कसा झाला असेल आणि ती काय बोलली असेल? पावणेसातशे पद्यांत याचे उत्तर कोठेही नाही.