ऐंशीच्या वेगाने सावंतवाडी

विजेची मोटार घेतलेल्या माणसाला आमच्या आळीत हल्ली कोणी ‘कसं काय?’ असे विचारीत नाही. ‘किती जाते हो?’ असे विचारतात. कंपनीने छापलेला आकडा सांगावा, तर तो खोटा नसतो. पण तो प्रयोगशाळेतल्या फिरत्या रुळांवर काढलेला असतो. त्या रुळांवर खंबाटकीचा घाट नसतो, मागच्या बाकावर आई नसते आणि फराळाचे चार डबेही नसतात. तेव्हा वाचकहो, छापील आकड्यातून तिसरा हिस्सा वजा करावा आणि मगच घराबाहेर पडावे.

गेल्या दिवाळीत आम्ही पुण्याहून सावंतवाडीला निघालो. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे, बॅटरी ४० युनिटांची. लक्ष्मीपूजन आईच्या माहेरी होते. आई ८२ वर्षांची. ‘या खेपेला त्या घरात माझ्या हातून दिवा लागू दे,’ एवढेच तिचे मागणे होते. दिवेलागणीच्या आत पोचणे भागच होते.

सातारा रस्त्याला लागलो आणि मी ताशी ८० वर काटा धरला. आमच्या सौभाग्यवतींना ते पटेना. ‘अहो, उशीर होतोय म्हणता आणि बैलगाडी हाकता?’ पण हिशेब असा आहे. वेग ८० चा १०० केला, की वाऱ्याचा अडसर सव्वापट नव्हे, दीडपटीहून अधिक होतो. ८० ने एका युनिटात सातसाडेसात किलोमीटर जाणारी आमची मोटार १०० ने पावणेसहावर येते. म्हणजे कोल्हापूरपर्यंतच्या २३० किलोमीटरांतच बॅटरी रिकामी! वेगाने वाचणार होता अर्धापाऊण तास. तो कराडला चार्जरपाशी रांगेत उभे राहून व्याजासकट परत करावा लागला असता.

मग सौभाग्यवतींनी वातानुकूलन बंद करून खिडक्या उघडायची सूचना केली. तेही फायद्याचे नाही. उघड्या खिडक्यांतून वारा शिरतो तो मोटारीला मागेच ओढतो. गारव्याला तासाला एखादे युनिट लागते. कोल्हापूरपर्यंत तीनचार युनिटे. काटकसर करायची ती आपल्या पायाने करावी, म्हाताऱ्या आईच्या घामाने नव्हे. खिडक्या बंदच राहिल्या.

कोल्हापूरच्या अलीकडे चार्जर गाठला तेव्हा बॅटरीत १८ टक्के उरले होते. दोन नळ्यांपैकी एक मुकी. दुसरीला एका गृहस्थांची मोटार ८५ टक्क्यांवर, आणि गृहस्थ चहा पीत निवांत. ‘शंभर झाले की काढतो,’ म्हणाले. आता हे शंभर म्हणजे काय प्रकरण आहे, तर बॅटरी एस.टी.सारखी भरते. पहिले उतारू धडाधड जागा धरतात. शेवटच्यांना मात्र ‘जरा सरका’ म्हणत एकेक कोपरा शोधावा लागतो. ऐंशीच्या पुढे यंत्रच वीज हळूहळू सोडते, नाहीतर बॅटरीला इजा व्हायची. मी विचारले, ‘कुठवर जायचं?’ ‘बेळगाव.’ बेळगाव तिथून ११० किलोमीटरांच्या आसपास. ‘साहेब, तुमच्याजवळ आहे ती वीज बेळगावला जाऊन पुन्हा निम्म्या वाटेवर परत यायला पुरेल.’ गृहस्थ समजूतदार होते. आकडा मनाशी घोळवला आणि नळी काढून माझ्या हाती दिली. आम्हीही ऐंशीला थांबलो. पुढच्या १३० किलोमीटरांना तेवढे भरपूर होते.

या शोधाशोधीला नाके मुरडणाऱ्यांना मी बर्था बेंझबाईंची गोष्ट सांगतो. १८८८ च्या ऑगस्टात त्या नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी गेल्या. वाटेत इंधन संपले, ते मिळाले वीसलोखच्या औषधाच्या दुकानात. पंप ही चीजच तेव्हा नव्हती!

आंबोलीपासून मात्र चैन होती. सुमारे ६०० मीटरांचा उतार. पाय काढला की मोटारच जनित्र बनते आणि चाकांची ओढ बॅटरीत जमा होऊ लागते. (माथ्यावर बॅटरी भरलेली नसावी, भरल्या रांजणात पाणी कुठे घालणार?) खाली आलो तो आकडा तीन टक्क्यांनी वाढलेला. आईला दाखवला. ती म्हणाली, ‘देवाला नारळ दिला आणि अर्धी वाटी परत मिळाली म्हणायची.’ चढाला लागते त्याच्या निम्मेच साधारण परत येते. आईला वाटीचा अंदाज कोणी सांगितला कोण जाणे!

साडेपाचला दारात पोचलो. दिवा आईनेच लावला. पंपाच्या खोलीतल्या पंधरा अँपियरच्या सॉकेटची अर्थिंग मामेभावाने वायरमनकडून आधीच तपासून घेतली होती. तासाला तीनएक युनिटे, म्हणजे सकाळपर्यंत बॅटरी भरली. परतीला ती शंभर टक्के भरूनच घेतली, कारण आता आंबोली चढायची होती आणि त्या चढाला एरवीपेक्षा तीन युनिटे जास्त लागतात.