एकाच झाडाला दोन रंगांची फुले? मुलाचे वाक्य खोडू नका!



उन्हाळी सुट्टीच्या गृहपाठात ‘माझी बाग’ हा निबंध हमखास असतो. अन् वह्या तपासायला घेतल्या की सगळ्यांच्या बागा सारख्याच! लाल गुलाब, पांढरा मोगरा, पिवळा झेंडू. आपल्या हिंगोलीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, धुण्याभांड्याचं पाणी घालून कशीबशी चार झाडं जगवावी लागतात. त्यात झेंडू कुठून आला? मोबाईलवरच्या तयार निबंधातून.

मग एखादं पोर लिहितं, ‘आमच्या गुलबक्षीला एकाच झाडावर पिवळी आणि गुलाबी फुले आली.’ आपण लगेच लाल पेन उचलतो. माझं स्पष्ट मत आहे, ते वाक्य खोडू नका. अख्ख्या निबंधात पोरानं स्वतः पाहून लिहिलेलं तेवढंच असतं.

आणि ते खरंही असतं. पाणी मिळालं तर गुलबक्षी भर उन्हाळ्यातही फुलते, दुपार कलली की उमलते. मराठीत ‘गुलबक्षी रंग’ म्हणतात तो हिच्यावरून, पण ही पांढरी, पिवळी, लालही असते. मेंडेलने वाटाण्याच्या जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळी फुले जांभळीच आली. मधला रंग नाही. 1900 च्या सुमारास मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक, कार्ल कॉरेन्स यांनी गुलबक्षीवर काम केलं. लाल आणि पांढऱ्याच्या संकरातून आली गुलाबी! त्या गुलाबी झाडांच्या पुढच्या पिढीत एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरे असे प्रमाण मिळते. एकाच फुलावर दोन रंगांचे पट्टे दिसतात, त्याचं कारण वेगळं. काही जनुकांचे तुकडे पेशीत जागा बदलतात, त्यामुळे पाकळीच्या एखाद्या भागात रंग बदलतो.

प्रत्येक नवलाचं कारण एकच नसतं, हेही मुलांना कळू द्या. विकत आणलेल्या कलमी गुलाबाला अचानक भलतीच, बारकी फुले येऊ लागली, तर बहुधा कलमाच्या जोडाखालून जंगली गुलाब फुटलेला असतो. लाल गुलाब उन्हाळ्यात फिका पडतो, कारण उष्णतेने पाकळीतलं रंगद्रव्य कमी तयार होतं. मधुमालतीचं फूल तर पांढरं उमलतं आणि दोन-तीन दिवसांत गुलाबी, मग लाल होतं. ‘माती बदलली की रंग बदलतो’ असं सरसकट सांगितलं जातं. ते हायड्रेंजियासारख्या मोजक्या झाडांना लागू आहे, आपल्या गुलबक्षीला नाही.

तेव्हा पालकहो, मुलाला उत्तर सांगायची घाई करू नका. ज्या फांदीला वेगळं फूल आलं तिला रंगीत दोरा बांधायला लावा. वहीत तारीख, वेळ, रंग लिहू द्या. गुलबक्षीचं बी मिऱ्याएवढं काळं असतं. दोऱ्याच्या फांदीचं बी वेगळ्या पुडीत ठेवून पहिल्या पावसानंतर वेगळ्या आळ्यात पेरा. संध्याकाळी पतंग दुसऱ्या झाडाचे परागकण आणतात, त्यामुळे हिशेब पुस्तकासारखा जुळेलच असं नाही. फक्त हे बी विषारी असतं, लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका.