पूररेषा आणि घराचा हप्ता

खाडीच्या काठाला कायदा आहे, नदीच्या काठाला तो होता, अशी उल्हासच्या खोऱ्याची स्थिती आहे. भरतीचे पाणी पोचते तेथवर १९९१ पासून केंद्राची किनारा नियमन अधिसूचना आहे. २०१९ मध्ये खाडीकाठचा पट्टा १०० मीटरवरून ५० वर आला, तरी ती निदान आहे. वरच्या अंगास मात्र राज्याने २००० साली कारखान्यांना नदीपासून दूर ठेवणारे धोरण आखले, २००९ मध्ये सुधारले आणि २०१५ मध्ये रद्दच केले.

उरली ती पूररेषा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. या 'एकदा'नेच लोक फसतात. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी शेकडा एक शक्यता. आंबिवलीत वीस वर्षांच्या कर्जाने लाल रेषेवर घर घेणाऱ्या कारकुनाला हप्ते फिटेपर्यंत तो पूर गाठण्याची शक्यता शेकडा अठरा ठरते. निळ्या रेषेवर पंचवीस वर्षांचा पूर गाठण्याची निम्म्याहून अधिक. २७ जुलै २०१९ रोजी याच उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली होती.

काठावरील जमीन विकणाऱ्याचा नफा पहिल्याच वर्षी पदरात पडतो. पुराचा खर्च मात्र घेणाऱ्याच्या आणि करदात्याच्या माथी येतो. यासाठी नवे खाते नको. घराच्या प्रत्येक करारनाम्यात दोन्ही रेषांपासूनचे अंतर व उंची छापणे महापालिकेने सक्तीचे करावे, आणि नदीकाठचे रद्द झालेले धोरण शासनाने पुन्हा विधिमंडळापुढे आणावे.