रिकाम्या दप्तराचे वजन

दप्तराच्या ओझ्याविषयी तुम्ही पुष्कळ ऐकले असेल. दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असा आदेश महाराष्ट्र शासनाने २०१५ साली काढला. परंतु या चर्चेत एक गोष्ट सहसा विसरली जाते. रिकाम्या दप्तरालाही वजन असते! जाड तळ, दुहेरी कप्पे, चकचकीत कड्या हे सारे मूल पाठीवर वाहते. पण त्यातून त्याला एक अक्षरही शिकायला मिळत नाही.

संगणकाचेही थेट असेच असते.

नवी मुंबईतील एका शाळेत नुकताच जाण्याचा योग आला. संगणककक्षात दहा संगणक गवसणी घालून ठेवले होते. ‘हे आता भंगारात जायचे,’ तेथील सर म्हणाले. ‘सुरू होईपर्यंतच निम्मा तास संपतो.’ प्रत्येकात दोन गीगाबाइट स्मृती, म्हणजे रॅम होती. नवे संगणक येईपर्यंत एकेका संगणकाभोवती दहा-दहा मुले उभी राहणार, त्यांतील एक कळफलक बडवणार आणि नऊ नुसती पाहणार, हे उघडच होते.

अशी वेळ आज अनेक शाळांवर आली आहे. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मर्यादित मुदतवाढ सोडली, तर तिला सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत. विंडोज ११ ला निदान चार गीगाबाइट स्मृती आणि नव्या धाटणीची यंत्रसामग्री लागते. मग जुना संगणक मेला असे समजायचे काय? माझे स्पष्ट मत आहे की, तसे समजण्यापूर्वी त्याचे रिकामे दप्तर एकदा तोलून पाहावे.

प्रथम स्मृतीचे काम समजून घेऊ. चालू असलेली प्रत्येक आज्ञावली आणि तिला लागणारी माहिती स्मृतीत असावी लागते. पाठीवर जेवढे मावते तेवढी ही स्मृती. ती भरली की संगणक काही भाग हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. वर्गात बसलेल्या मुलाने प्रत्येक पुस्तकासाठी घरी धावत जावे, तसे हे होते! स्मृतीतील माहिती सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागात हाती येते. फिरत्या डिस्कवरील माहिती शोधण्यास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. म्हणजे फरक लाख पटींचा झाला. तुमच्या शाळेतील संगणक ‘अडकतो’ तो पुष्कळदा या धावपळीमुळे.

आता रिकामे दप्तर म्हणजे काय? पडद्यावरील खिडक्या, पट्ट्या, चित्रे, घड्याळ, सरकत्या सावल्या या साऱ्या थाटाला डेस्कटॉप म्हणतात. लिनस टोरवाल्ड्‌स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला. या गाभ्यावर आपल्याला हवा तो डेस्कटॉप बसवता येतो, ही त्याची मोठी सोय आहे. ग्नोम आणि केडीई हे त्यांतील सजलेले आणि प्रसिद्ध. एक्सएफसीई, एलएक्सडीई आणि त्याचा वारस एलएक्सक्यूटी हे सडसडीत. आजच्या आवृत्त्यांत ग्नोम सुरू होताच, एकही काम न करता, साधारण एक गीगाबाइट किंवा त्याहूनही अधिक स्मृती व्यापतो. सडसडीत डेस्कटॉपांचे बहुधा त्याच्या निम्म्याच्या आसपास भागते. पडद्यामागे चालणारे मदतनीस ते थोडे ठेवतात आणि दृश्य करामतींना फाटा देतात. आठ गीगाबाइटच्या संगणकाला अर्ध्या गीगाबाइटचे काय सोयरसुतक? दोनच्या संगणकाला मात्र तो जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो.

डेस्कटॉप मुळीच नसला तर? त्याचे उदाहरण नवी मुंबईतच आहे. ऐरोली, महापे भागांत मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. अशा ठिकाणच्या सर्व्हरांपैकी पुष्कळांवर लिनक्स चालते आणि बहुधा त्यावर डेस्कटॉप बसवलेलाच नसतो. पाहणारे कोणी नाही, तर सजावट कशाला? ज्यांच्याजवळ स्मृतीची रेलचेल, ते ती काटकसरीने वापरतात आणि जेथे ती तोकडी, त्या शाळेत आपण उधळपट्टी करतो, ही गंमतच नव्हे काय?

दुसरे उदाहरण शेजारच्या रायगड जिल्ह्यातील. ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातील हिरवे-पांढरे छोटे संगणक २००७ साली तेथील एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत आले. त्यांत स्मृती होती अवघी २५६ मेगाबाइट, म्हणजे आपल्या ‘भंगार’ संगणकाच्या एक-अष्टमांश! त्यासाठी लिनक्सवर ‘शुगर’ नावाचा निराळा डेस्कटॉप रचला होता. एकावर एक खिडक्यांची गर्दी नाही. एका वेळी एकच उपक्रम पडदाभर. यंत्र पाहून वेष बेतला होता.

येथे एक इशारा दिला पाहिजे. डेस्कटॉप हलका केला म्हणजे सारे हलके झाले, असे नाही. आजची संकेतस्थळे फार जड झाली आहेत. ब्राउझरमधील एखादे पानच शंभर मेगाबाइटांहून अधिक स्मृती घेऊ शकते. दोन गीगाबाइटच्या संगणकावर वीस पाने उघडून चित्रफीत पाहू म्हणाल, तर कोणताही डेस्कटॉप तुम्हाला तारणार नाही. मात्र मराठीत निबंध टंकित करणे, तक्ते बनवणे, भूमितीच्या आकृत्या काढणे, पायथॉनमध्ये लहान आज्ञावली लिहिणे ही शाळेची कामे त्यावर होऊ शकतात. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलकही लिनक्समध्ये असतोच.

शिक्षकांचा आक्षेप मला ठाऊक आहे. ‘मुलांना पुढे नोकरीत जे लागेल तेच शिकवावे.’ आक्षेप खोटा नाही. पण तक्त्यातील बेरीज एका प्रणालीवर समजली की दुसऱ्या प्रणालीवर ती नव्याने शिकावी लागत नाही. शिवाय तुमच्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे! काही छपाईयंत्रे वा विशिष्ट आज्ञावल्या लिनक्सवर चालणार नाहीत, हेही खरे. त्यांच्यासाठी एखादा वेगळा संगणक राखून ठेवावा. आणि बदल करण्यापूर्वी जुन्या माहितीची प्रत घ्यावी, हे सांगायला नकोच.

तरीही माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, मोजून पाहा! एकाच संगणकावर दोन डेस्कटॉप बसवा. संगणक सुरू करून पाच मिनिटे थांबा आणि ‘फ्री’ ही आज्ञा द्या. असे तीनदा करून सरासरी काढा. मग दुसरा डेस्कटॉप निवडून संगणक पुन्हा सुरू करा आणि तेच करा. ‘फ्री’ या शीर्षकाखालचा आकडा लहान दिसला तर घाबरू नका. मोकळी स्मृती लिनक्स वाया जाऊ देत नाही. डिस्कवरून वाचलेली माहिती पुन्हा लागेल म्हणून तीत साठवते आणि गरज पडताच जागा रिकामी करून देते. म्हणून ‘अव्हेलेबल’ या रकान्यातील आकडा टिपा. दोन वेगळ्या संगणकांवरील आकड्यांची तुलना मात्र करू नका. यंत्र बदलले की आकडेही बदलतात. शेवटी दोन्हींवर ब्राउझरमध्ये एकच पान उघडून पुन्हा मोजा. विज्ञानप्रदर्शनासाठी याहून स्वस्त प्रयोग क्वचितच सापडेल.

मोजल्यावर कदाचित असे दिसेल की, काही संगणक खरोखरच निकामी आहेत. मग ते खुशाल अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. पण दहांतील सहा जरी उठून बसले, तरी एका संगणकाभोवती मुकाट उभ्या असणाऱ्या कितीतरी मुलांचे हात कळफलकावर पडतील. दप्तर हलके करायचे ते पाठ मोकळी व्हावी म्हणून नव्हे. त्या जागी एक पुस्तक अधिक मावावे म्हणून!